मास्तरांनी गाडीला नवं नाक बसवलं

माझे सासरे गेली एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवतात, पण स्वतः कधी चालवत नाहीत. येत नाही असं नाही. शिकवणाऱ्याची जागा शेजारच्या सीटवर असते, आणि एकतीस वर्षांत ती सीट त्यांच्या बुडाच्या मापाने इतकी खोल गेली आहे की दुसरा कुणी तिथे बसला तर त्याला पुढच्या काचेतून फक्त आभाळ दिसतं. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच आहे. अ‍ॅक्सिलरेटर नाही. शिकवणाऱ्याला तो देतच नाहीत. गाडी थांबवायची एवढंच त्याच्या हाती, आणि पळवायची की नाही ते शिकणाऱ्याच्या मर्जीवर.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मीही म्हणतो, कारण जावई होण्याआधी मी त्यांचा विद्यार्थी होतो, आणि सात महिने जो माणूस आपल्याला गाढव म्हणतो त्याला एकदम बाबा म्हणायला जीभ वळत नाही. त्या काळी मास्तरांच्या हातात कायम एक कंगवा असे. त्याने ते सिग्नलला भांग पाडत आणि उरलेल्या वेळात आमच्या बोटांच्या पेरांवर मारत. "अरे गाढवा, गिअर आहे तो, कणीक नाही!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की अजूनही तिसरा टाकताना माझी बोटं आपोआप आखडतात. पहिल्या दिवशी धडा संपवून मी त्यांच्या ऑफिसात पाणी मागायला गेलो, तर टेबलामागच्या मुलीने विचारलं, "रडलात का?" मी म्हणालो, "छे." ती म्हणाली, "मग उद्या रडाल. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी रडतात." पुढे मी तिच्याशी लग्न केलं. तिची ही सवय अजून गेलेली नाही.

मी स्वतः कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरकडून साचा येतो आणि माझ्या छोट्याशा प्रयोगशाळेतून दात जातात. या धंद्याचा गाडीशी काडीचाही संबंध नाही. तरी एका रविवारी सकाळी मास्तरांचा फोन आला.

"जावईबापू, हत्यारं घेऊन या. ती बारीक घासायची यंत्रंसुद्धा आणा."

"कुणाचे दात बसवायचेत?"

"गाडीचे," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या दोन वर्षांत मास्तर पार बदलले होते. ओरडणं बंद, गाढव बंद, कंगवा फक्त डोक्यापुरता. विद्यार्थ्याची गाडी भर चौकात बंद पडावी, मागे दहा गाड्यांनी हॉर्नचा कल्लोळ करावा आणि मास्तरांनी खिडकीबाहेर बघत शांतपणे भांग पाडावा. शिकणाऱ्याला वाटे, हे एवढे निवांत आहेत तर आपण कशाला घाबरायचं? मग तो किल्ली फिरवे आणि निघे. ही कीर्ती अशी पसरली की दुसऱ्या शिक्षकांनी हात टेकलेले, स्टिअरिंग पाहूनच घाम फुटणारे लोक लांबून लांबून मास्तरांकडे येऊ लागले. आजवर त्यांचे वर्ग इतके कधी भरले नव्हते.

त्यातल्याच एक टेलरबाई. बायकांचे कपडे शिवायचं त्यांचं दुकान होतं, वय पन्नाशीचं, आणि गाडी चालवायची परीक्षा तीनदा नापास. तिन्ही वेळा सिग्नलवर गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले की बाईंचे पाय मेणाचे व्हायचे. दुसऱ्या गावी असलेल्या आजारी बहिणीकडे त्यांना दर आठवड्याला जावं लागे आणि दोन बस बदलून त्या थकून गेल्या होत्या. मास्तरांशिवाय कुणाच्या शेजारी त्या गाडीत बसायलाही तयार नव्हत्या.

तर त्या रविवारी मी पोहोचलो तेव्हा घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि जमिनीवर जुन्या चादरीवर एक चकचकीत पाइप, रबराचे जोड, पट्ट्या, स्क्रू आणि लाल जाळीचा एक शंकू असा थाट मांडला होता.

मास्तरांनी मला समजावून सांगितलं, म्हणून मी तुम्हाला सांगू शकतो. इंजिन हवा ओढतं. मूळ गाडीत ही हवा एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, कागदी फिल्टरमधून गाळून जाते. डबा इंजिनला खेटून, म्हणून हवा गरम. हौशी पोरं तो डबा काढून फेकतात, धातूचा रुंद पाइप बसवतात आणि त्याच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावून तो लांब, पुढच्या चाकाच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात. तिथे हवा गार. गार हवा दाट, त्यामुळे पेट्रोल जास्त जोमाने जळतं आणि गाडी पळते. थोडक्यात गाडीला नवं नाक.

"ताकद वाढते," मास्तर म्हणाले.

मी गाडीकडे पाहिलं. चारी बाजूंना शिकाऊ गाडीचं लाल अक्षर, छतावर पाटी, दोन्ही बाजूंना खरचटलेलं अंग. या गाडीने उभ्या आयुष्यात चौथा गिअर पाहिला नव्हता. तिची ताकद वाढवणं म्हणजे आमच्या सासूबाईंना पळण्याच्या शर्यतीचे बूट आणण्यासारखं होतं.

"मास्तर, ही ताकद वापरणार कुठे?"

"दहाचा पाना द्या," म्हणाले. मला वाटलं, वय झालं की माणसाला एखादी हौस करावीशी वाटते, करू दे. कुणी केस रंगवतो.

काम तसं सोपं होतं. आधी बॅटरीची एक तार सोडवली. मग डब्यावरच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढला, तोही मास्तरांनी असा अलगद की जणू झोपलेल्या मुलाच्या हातातलं खेळणं काढतायत. पट्ट्या सैल केल्या, तीन बोल्ट काढले, आणि डबा हलवून हलवून बाहेर आला. त्यात एक वाळलेलं पान, चार माश्या आणि कुणाच्या तरी वहीच्या पानाचा तुकडा निघाला. फिल्टर कोळशासारखा. इंजिनचं उघडं तोंड मी लगेच स्वच्छ फडक्याने झाकलं. आणि, हे मुद्दाम सांगतो, नंतर आठवणीने ते काढलंसुद्धा. सेन्सर नव्या पाइपवर चढवला. हवा कुठल्या दिशेने जाते त्याचा बाण त्यावर होता, तो दोघांनी दोन दोनदा पाहिला.

मग माझ्या धंद्याने घात केला.

पाइप आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड जरा लांब होता. पाइप बसत होता पण तिरका. मास्तर म्हणाले, "राहू दे, पट्टी आवळली की येईल वळणावर." पण मी पडलो कवळीवाला. आमच्याकडे तिरकं चालत नाही. आमच्याकडे अर्धा मिलिमीटर घासायचा, बसवून बघायचं, पुन्हा अर्धा घासायचा, अशी रीत. मी माझं यंत्र चालू केलं आणि जोडाची कड घासत बसलो. मास्तर कौतुकाने पाहत होते. शेवटी पाइप असा सुबक बसला की माझं मलाच बरं वाटलं. फक्त माणसाच्या हिरड्या थोड्या दबतात आणि कवळीला सामावून घेतात, गाडीच्या इंजिनाला हा समजूतदारपणा नसतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. खालच्या बाजूने एक बारीक फट राहिली. तिथे हात पोहोचत नव्हता, मग नजर कुठली पोहोचणार.

पट्ट्या आवळल्या. शंकू लावला. उष्णता अडवायला मधे पत्रा ठोकला. बॅटरीची तार जोडली आणि मास्तरांनी किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसा बॉनेटखालून घुर्रर्र असा खोल, जाड आवाज आला, छातीला जाणवेल असा. आणि त्याच्या वर एक शिट्टी. बारीक, तीक्ष्ण, एकसुरी शिट्टी. ती मी झोपेतही ओळखेन. सैल कवळी घालून माणूस बोलायला लागला की अशीच शिट्टी वाजते, आणि दर महिन्याला एक तरी गिऱ्हाईक ती मला ऐकवायला येतं. हवा कुठूनतरी चोरवाटेने आत शिरत होती. माझ्या फटीतून.

मी ओशाळून मास्तरांकडे पाहिलं. आता कंगवा निघणार.

मास्तर डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर असं समाधान की मी ते त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "वा," ते म्हणाले. "काय स्वच्छ आवाज आहे! नुसतं इंजिन. बाकी काही नाही."

मला वाटलं, जावई म्हणून माझी लाज राखतायत. मग वाटलं, मास्तर? आणि लाज राखतायत? हा तो माणूस, ज्याने माझ्या लग्नाच्या जेवणात सगळ्यांसमोर मी पहिल्यांदा गाडी गटारात कशी घातली ते साभिनय सांगितलं होतं. आणि हाच तो माणूस, जो घरात चहा पिताना बाहेरून जाणाऱ्या गाडीची किंचितशी किंकाळी ऐकून "याचा पट्टा आठवड्यात तुटणार" म्हणायचा आणि तो तुटायचा. ते भाकीत ऐकून किती दिवस झाले, याचा मी विचार करू लागलो. बरेच झाले होते.

"चला, एक फेरी मारू," मास्तर म्हणाले. "मी चालवतो. तुम्ही माझ्या जागेवर बसा."

मी त्या खड्ड्यात बसलो. पायाशी मास्तरांचा ब्रेक. त्याच्यावरचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं आणि खालचं लोखंड घासून आरशासारखं झालं होतं. माझ्यासारख्या किती गाढवांना त्याने वाचवलं असेल, देव जाणे.

मास्तर चालवायला लागले आणि मी पाहतच राहिलो. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. प्रत्येक वेळी इंजिन गुरगुरलं की ते हसत आणि बरोबर त्या क्षणी गिअर बदलत. साठीच्या माणसाचे पाय असे हलकेच चालत होते की मला त्यांचा हेवा वाटला. शिट्टी चालूच होती. दोन माणसं चालता चालता वळून आमच्याकडे बघून गेली.

फर्निचरच्या गोदामांच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला व्हॅन उभ्या होत्या. पुढे कुठल्याशा फाटकातून ट्रक मागे येत असावा, कारण टिक् टिक् टिक् असा तो मागे येतानाचा आवाज मला ऐकू आला. मी मनात म्हटलं, आता मास्तर वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. आवाज वाढला. मी म्हटलं, आता करतील. त्यांनी मजेत अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं, ते हसले, आणि व्हॅनच्या आडून ट्रकचं भलंमोठं मागचं धूड रस्त्यावर आलं.

माझा पाय ब्रेकवर पडला. मी विचार केला नाही, पायानेच काय ते केलं. गाडी किंचाळली, आचका देऊन बंद पडली. ट्रकचं फळकूट आमच्या बॉनेटपासून हातभर अंतरावर थांबलं.

माझा पाय अजून ब्रेकवरच होता. मास्तरांचा चेहरा लालबुंद.

"ब्रेक कुणी मारला?" ते ओरडले. "अरे गाढवा, माझ्या गाडीत माझ्यावर ब्रेक मारतोस?"

दोन वर्षांनी गाढव ऐकलं. खरं सांगतो, एका क्षणापुरतं बरंही वाटलं.

"मास्तर, ट्रक मागे येत होता."

"मग त्याने आवाज द्यायला नको? मुकाट्याने येतात मागे! एवढा मोठा ट्रक, आणि त्याला ते टिकटिक यंत्र बसवायला काय होतं?"

आमचं इंजिन बंद होतं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. त्या शांततेत ट्रक टिक् टिक् टिक् करत होता, पुन्हा पुन्हा, अगदी समोर.

"वाजतंय की, मास्तर," मी म्हणालो. "आत्ताही वाजतंय."

त्यांनी ट्रककडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा ट्रककडे, मान थोडी तिरकी करून. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिथे काहीच उमटत नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं. ड्रायव्हर उतरून हातवारे करत आला, त्याला मी माफी मागून वाटेला लावलं आणि आम्ही गाडी ढकलत बाजूला घेतली.

मास्तर पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग आपणहून बोलू लागले. "जाड आवाज येतात मला. बारीक येत नाहीत. दोन वर्षं झाली."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? शिकणाऱ्याला गिअर कधी बदलायचा ते मी इंजिन ऐकून सांगतो. एकतीस वर्षं. काट्याकडे कधी बघितलं नाही. हळूहळू तेही अंधुक व्हायला लागलं, तर पाय गाडीच्या फरशीवर घट्ट टेकून थरथर मोजायला लागलो. मग गाडीच्या सामानाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं, तो काळा डबा हवा गाळतो तसा आवाजही दाबतो. तो काढून हे लावलं की इंजिन मोकळं ओरडतं. म्हटलं, चला, सुटलो." ते थांबले. "आज किती दिवसांनी नीट ऐकू आलं, जावईबापू. मला वाटलं, सगळंच परत आलं."

"आपल्या गाडीची शिट्टी वाजतेय, तीही येत नाही?"

"शिट्टी वाजतेय?" ते चपापले. "कुणामुळे?"

"माझ्यामुळे."

"वाटलंच," ते म्हणाले. तेवढ्यापुरते पुन्हा मास्तर झाले.

मी म्हणालो, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मशीन घेऊ, सोपं आहे. त्यांनी मान हलवली. "सोपं नाही. लोक म्हणतात ना, मास्तर शांत झाले? मी शांत झालो नाही हो. मला हॉर्न ऐकू येत नाहीत. आधी मागून एक हॉर्न वाजला की माझं डोकं फिरायचं, आणि राग काढायचो शेजारच्या बिचाऱ्यावर. तुमच्यावर नाही का काढला? कानात मशीन घातलं की सगळे हॉर्न परत येतील, आणि मी पुन्हा ओरडायला लागेन. टेलरबाईंवर ओरडलो तर ती बाई उभ्या आयुष्यात स्टिअरिंगला हात लावायची नाही."

"आणि मशीन नाही घातलं तर? आज ट्रक होता. उद्या सायकलवरचं पोर असेल, घंटी वाजवत."

ते दार उघडून उतरले, फिरून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरका. घरापर्यंत तुम्ही चालवा."

घरी सासूबाईंना सांगावंच लागलं. आमच्या सासूबाईंचा आवाज अगदी बारीक, सुईच्या टोकासारखा. गेली दोन वर्षं घरात जे जे नवं आलं, म्हणजे हिरवा सोफा, दोन कपाटं, त्यांच्या भावाचा महिनाभराचा मुक्काम, त्या प्रत्येक वेळी त्या म्हणत, "यांना विचारलं होतं. नाही म्हणाले नाहीत." तेव्हा मला वाटलं, आता त्या म्हणणार, म्हणजे यापुढे सगळं खरंच विचारावं लागणार?

त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. हातातलं फडकं घेऊन खाली बसल्या.

"मला वाटलं, यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये," त्या म्हणाल्या. "मी रोज काहीतरी विचारायचे आणि हे आपले भिंतीकडे बघायचे. म्हटलं, तीस वर्षांनी माणसाला कंटाळा येत असेल. राहू दे." मग एकदम संतापल्या. "अहो, मग सांगायचं नाही का? मी काय परकी होते?"

मास्तर त्यांच्या ओठांकडे बघत होते. "मोठ्याने बोल," म्हणाले.

त्या मोठ्याने बोलल्या. काय बोलल्या ते मी लिहीत नाही, पण शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या.

सोमवारी सकाळी सात वाजता टेलरबाईंचा धडा होता. मास्तर गाडी न घेता त्यांच्या दुकानात गेले. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. त्या कापडावर टाचण्या लावत होत्या. मास्तर दारातच उभे राहिले आणि पाठ केल्यासारखं बोलले: "मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. तुमच्या शेजारी तसाच बसलो, ते चूक केलं. धडे बंद. परीक्षेसाठी दुसरा शिक्षक बघून देतो." बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि विचारलं, "कान किती दिवसांत नीट होतील?" मास्तर म्हणाले, "मशीन यायला तीन आठवडे. पण मशीन लागल्यावर मी फार वाईट माणूस होईन." बाई म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा वाईट नसाल. मी थांबते." आणि परीक्षेची तारीख पुढे ढकलून आल्या.

मशीन आलं. दोन्ही कानांत. पहिले चार दिवस मास्तरांनी घर डोक्यावर घेतलं. घड्याळ केवढ्याने वाजतं, नळ केवढ्याने गळतो, कागद केवढ्याने फाटतो! हिरव्या सोफ्याची कुरकुर ऐकून म्हणाले, "हा कुणाला विचारून आणला?" आणि तिथून जो वाद सुरू झाला तो दोन दिवस चालला. सासूबाई मला म्हणाल्या, "डोकं उठवलंय हो यांनी." इतकं खुशीत मी त्यांना फार दिवसांनी पाहिलं.

पाचव्या दिवशी मास्तरांनी शेडमध्ये जाऊन गाडी सुरू केली आणि दोन मिनिटांत दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर आले. "हा बैल कुणी बांधला बॉनेटखाली? आणि ती शिट्टी! जावईबापू, तुमच्या कवळ्या घालून लोक जेवतात तरी कसे?" आम्ही नवं नाक उतरवलं, काळा डबा धुऊन, नवा फिल्टर घालून परत बसवला. जोडाला मला हात लावू दिला नाही.

मग टेलरबाईंचा पहिला धडा. मास्तरांनी मला बोलावून मागच्या सीटवर बसवलं. "मी ओरडायला लागलो की मागून खांद्यावर हात ठेवायचा. जोरात. लाजायचं नाही," असा हुकूम होता. कंगवा त्यांनी घरीच ठेवला होता. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, आणि आम्ही निघालो. मास्तरांची मान ताठ. वाटेत कुणी लांब कुठे हॉर्न दिला तरी त्यांच्या कानाची पाळी हलायची. मी मागे हात तयार ठेवून बसलो होतो.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. आम्ही सगळ्यांत पुढे. हिरवा झाला. बाईंनी क्लच सोडला, जरा लवकर सोडला, आणि गाडी आचका देऊन बंद पडली.

मागून एक हॉर्न. मग तीन. मग सगळे. एका मोटारसायकलवाल्याने तर हाताची मूठच बटणावर ठेवली आणि उचलायचं नाव घेईना. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचा हात किल्लीवर होता, पण फिरत नव्हता. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मास्तर, माझे पाय गेले."

मास्तरांच्या मानेमागचा भाग लाल होत चालला होता. कानशिलावरची शीर मला मागून दिसत होती. छाती भरून त्यांनी श्वास घेतला. तो श्वास माझ्या चांगल्या ओळखीचा होता. मी हात उचलला.

त्यांनी काच खाली केली, कमरेपर्यंत बाहेर झुकले आणि मागे तोंड करून ओरडले.

"ए गाढवांनो! थांबा जरा! शिकतायत त्या! तुम्ही काय आईच्या पोटातून गिअर टाकत आलात? ए मोटारसायकल, हात काढ बटणावरून! तुला कुणी शिकवलं? मी शिकवलं असतं तर असा वागला नसतास!"

हॉर्न एकेक करून थांबले. माझा हात हवेतच राहिला. टेलरबाईंनी एकदा शेजारी पाहिलं. तिथे त्यांना मास्तरांची फक्त पाठ आणि सुटलेला शर्ट दिसत होता. त्यांनी किल्ली फिरवली. क्लच हळू, अगदी हळू सोडला. गाडी निघाली, चौक ओलांडला, आणि कुणी काही सांगायच्या आत बाईंनी स्वतःच इंजिन ऐकून दुसरा टाकला.

मास्तर अजून खिडकीबाहेरच होते, मागच्यांवर ओरडत.